भाऊजी, तुमच्या माकडांचं काय करू?

भाऊजी, दहाव्याला कावळा तुमच्या पिंडाला लगेच शिवला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं आहे ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. तुमचे दादा नदीवरून आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "ठेवला न ठेवला, तं आलाच. काका म्हणे पोराची काई इच्छा राह्यली नाई, सुखानं गेला." इच्छा राहिली नाही! परसात चिंचेखाली जाळीच्या पिंजऱ्यात तेव्हा सात माकडं बसलेली होती. त्यांना सोडायचं की ठेवायचं याचा तुमचा निर्णय दोन वर्षांत झाला नाही, आणि म्हणे इच्छा राहिली नाही. मी नदीवर असते तर त्या कावळ्याला हाकललं असतं. म्हटलं असतं, बाबा, आधी या माणसाला विचार, माकडांचं काय करायचं ते सांगून जा म्हणावं.

तसे तुम्ही पहिल्यापासून असेच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही हाफपँटीतले. नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं, पण तुमचं नाक मीच पुसलेलं आहे. अर्धं जेवण ताटात टाकून मुंग्यांच्या रांगेमागे जायचात. पुढे नागपूरला शिकलात, वडशाच्या शाळेत सायन्सचे मास्तर होऊन आलात. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. घरात दोन मास्तर आणि एक शेतकरी. "तुमी दोघं बोलता अन् मी आयकतो," असं तुमचे दादा म्हणायचे. बोलता म्हणजे भांडता.

आणि ती माकडं तरी तुम्ही कुठून आणलीत? स्टेशनवरून! लोक स्टेशनवरून पाहुणे आणतात. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वडशाच्या फलाटावर व्यापाऱ्याचे बांबूचे पिंजरे रचलेले असायचे. जंगलातून पकडलेली लाल तोंडाची माकडं, गोंदियामार्गे मुंबईला, तिथून परदेशी. तिकडे त्यांच्यावर औषधं करून पाहतात म्हणे. गाडी सुटली, आणि जी वाटेत मरणारच अशी सात व्यापाऱ्याच्या माणसानं फलाटावर तशीच टाकली. तुम्ही शेजाऱ्याची बैलबंडी मागून आणलीत, सातही जीव तिच्यात घातलेत आणि संध्याकाळी माझ्या दारात उभे. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, चिडू नका जी. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे." बरोबरच होतं. दोन-चार दिवसांत मरतील असंच त्यांच्याकडे पाहून वाटत होतं. पेज मी पाजली, गुळाचं पाणी मी पाजलं, हगलंमुतलं मी काढलं. मेलं एकही नाही.

मग तुमच्या डोक्यात ते शिरलं. एके सकाळी चहा पिता पिता म्हणालात, "वहिनी, हे उपाशी नव्हते. पिंजऱ्यात चणे पडले होते. हे झोपले नव्हते." झालं! तेव्हापासून घरात झोपेशिवाय दुसरा विषय नाही. जंगलात झोपणारं माकड पिंजऱ्यात का झोपत नाही, त्याला झोपायला काय लागतं, कोणाच्या पाठीला पाठ लागते. चिंचेभोवती जाळी ठोकलीत, आत फळ्या बांधल्यात, आणि पोतं टाकून समोर बसलात. बायको आणायचं वय, आणि हा माणूस माकडांच्या जांभया मोजतो आहे. तुमच्यासाठी आलेली दोन चांगली स्थळं त्या पोत्यामुळे परत गेली. तुम्हाला आठवणार नाहीत, तुम्ही तेव्हा पोत्यावर होता.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुम्हाला मानलं, ते आज सांगते, कारण जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता. नागपूरहून तुमचे जुने प्राध्यापक आले होते. भला माणूस, माझ्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं. म्हणाले, असं नुसतं पाहून काय कळणार? गुंगीचं औषध द्या, डोक्याला तारा लावा, तेव्हा आतलं समजेल. तुम्ही त्यांच्यासमोर मान खाली घालून बसणारे, त्या दिवशी मान वर करून म्हणालात, "सर, औषधानं आली ती औषधाची झोप. मले आपोआप येणारी पाह्यजे." सर हसले. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला तुमचा फार अभिमान वाटला. लगेच त्याच हातानं तुम्ही माझ्या चुलीची राख नेलीत आणि अभिमान संपला.

ती राख! भांडी घासायला म्हणून मी बाजूला काढून ठेवायची, आणि संध्याकाळी डबा रिकामा. फळ्यांवर चाळणीनं राख पसरायची, सकाळी तिच्यावरचे ठसे पाहायचे. कोण कुठे बसलं, कोण कोणाला चिकटलं, कोण उठून दुसरीकडे गेलं. माकडाला हात न लावता त्याची रात्र कळते, असं तुम्ही सांगायचात. कळत असेल. माझी कढई मात्र महिनोन्‌महिने काळीच राहिली. चाळणी पिठाची होती, हेही सांगून टाकते. आणि त्यांना तुम्ही नावं ठेवू देईनात. क, ख, ग म्हणायचं म्हणे. सगळ्यांत म्हाताऱ्या माकडिणीला तुम्ही क म्हणायचात, मी आत्याबाई म्हणायची, कारण तोंड अगदी तुमच्या थोरल्या आत्यासारखं, आणि खोडही तीच. सगळ्यांच्या आधी खाणार आणि सगळ्यांवर गुरगुरणार.

नाटकाची भानगड तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे घरोघरी नाटकाच्या तालमी. शेजारच्या अंगणात दरोडेखोराचं काम करणारा गडी दिवस मावळताना आरोळ्या ठोकायचा, नेमकी तुमच्या माकडांची फळीवर चढायची वेळ. तुम्ही तिथे जाऊन हात जोडून म्हणालात, जरा हळू ओरडता का? तो म्हणाला, "मास्तर, मी हळू वरडलो तं पब्लिक झोपून जाईन! तुमच्या माकडायले झोपवू का पब्लिकले जागवू?" शेवटी तालीम धानाच्या गिरणीत हलली, पण त्या बदल्यात तुम्हाला फौजदाराचं काम गळ्यात घेऊन. आणि भर स्टेजवर, दरोडेखोर छाती पुढे करून "घाल गोळी!" म्हणतो आहे, तेव्हा तुम्ही जांभई दिलीत. तोंड पुरतं उघडून. अख्खा वडसा हसला. मी पदर तोंडात कोंबून बसले होते, आणि तुमचे दादा शेजाऱ्याला सांगत होते की हा माझा भाऊ नाही.

पण ती जांभई कुठून आली ते मला माहीत होतं. माकडं अनोळखी माणसासमोर डोळे मिटत नाहीत. तुम्ही रोज दुपारी आणि रोज संध्याकाळी त्या पोत्यावर मांडी घालून, हात मांडीवर, नजर जमिनीवर, काही न करता बसायचात. त्यांच्याकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, मधून मधून जांभई द्यायची, म्हणजे त्यांना कळतं की हा काही करणार नाही. महिने गेले. एका दुपारी आत्याबाई खाली उतरली, जाळीपाशी तुमच्याकडे पाठ करून बसली आणि झोपली. मान कलंडेपर्यंत झोपली. तुम्ही घरात आलात ते पोरगा झाल्यासारखे. "वहिनी, साखर आहे का? झोपली! माझ्यासमोर झोपली!" तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी साखर दिली. तुमच्या हातून माकडिणीच्या झोपेची साखर गल्लीत वाटली गेली, आणि लोकांनी ती खाल्लीसुद्धा.

आता त्या भांडणाकडे येते. ते अर्धं टाकून गेलात, पण मी काही सोडणार नाही.

तुम्हाला कळलं काय, तर एकटं माकड झोपत नाही, परक्या माकडात झोपत नाही. आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या माकडांत, पाठीला पाठ लागली की झोपतं, आणि झोपलं की जगतं. छान. पण हे तुम्ही जाऊन स्टेशनवर त्या व्यापाऱ्याच्या माणसालाच सांगितलंत! एका टोळीची माकडं एकाच पिंजऱ्यात ठेवा, बसायला बांबू आडवा बांधा. त्यानं तसं केलं. माकडं वाटेत मरेनाशी झाली. तुम्ही आनंदानं घरी येऊन ताटावर बसलात, आणि मी वाढता वाढता विचारलं, "मंग आता त्याचा धंदा चांगला चालते म्हणा." तुमचा घास हातात राहिला. म्हणालात, "वहिनी, ते जाणारच आहेत. मी थांबवू शकत नाई. मुंबईपरेंत तं झोपतीन बिचारे." मी म्हटलं, "अन् मुंबईच्या पुढे? तिथं कोणाच्या पाठीले पाठ लावतीन?" तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत आणि बाहेर गेलात. त्यानंतर तो विषय निघाला की तुम्हाला शाळेचं काम आठवायचं. भाऊजी, मला हरवायचं नव्हतं हो तुम्हाला. मला खरंच उत्तर पाहिजे होतं. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मलाही माहीत नव्हतं, आणि आजही नाही.

आणि दुसरं, सोडण्याचं. बरी झाली, धट्टीकट्टी झाली, आता सोडा, असं मी म्हणायची. "हा एक हिवाळा जाऊ द्या वहिनी," असं तुम्ही म्हणायचात. एक हिवाळा गेला, मग दुसरा. तिसऱ्याच्या आधी तुम्हीच गेलात. परतीच्या पावसात भिजलात, ताप आला, डॉक्टर म्हणाले हिवताप डोक्यात चढला. शेवटी शेवटी तुम्हाला झोप येत नव्हती. डॉक्टरांनी सुई काढली, तर तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. तेव्हाही हट्ट! मी तुम्हाला बसतं केलं, मागे बसले आणि पाठीला पाठ लावली. तुम्ही झोपलात. मी हलले नाही. झोपेतच गेलात, मला कळलंसुद्धा नाही. तुमच्या दादांनी येऊन सांगितलं तेव्हा माझी पाठ अजून टेकलेलीच होती.

हे लिहिताना रडायला येतं आहे, आणि रडणं आलं की तुमचा राग येतो. पुढचं ऐका, म्हणजे का ते कळेल.

तेरवीच्या दिवशी तो व्यापाऱ्याचा माणूस आला. कोणी बोलावलं नव्हतं. वडे खाल्ले, पुन्हा मागितले, "मास्तर देवमाणूस होते" म्हणाला आणि हात धुवायच्या निमित्तानं परसात गेला. मी मागून गेले. तो जाळीसमोर बसला. मांडी घातली, हात मांडीवर, नजर जमिनीवर. कुठे तुम्हाला पाहिलं असेल देव जाणे. ना बोलला, ना हात पुढे केला. थोड्या वेळानं त्यानं एक जांभई दिली. आणि भाऊजी, आत्याबाई खाली उतरली. त्याच्याकडे पाठ करून जाळीला टेकली आणि तिनं डोळे मिटले. मागोमाग दुसरी, मागोमाग सगळ्यांत धाकटं.

तो माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मास्तरनं तं आमचं काम एकदम सोपं करून ठेवलं. असा माल भेटत नाई."

मी म्हटलं, "हे विकायचे नाईत. आमी सोडणार आहोत."

"सोडा ना जी. खुशाल सोडा. धान कापून झाले का आमचे लोक जंगलात जातेच. हे तं माणसाले पाहून पळतच नाई. जाळं कायले लागते मंग?"

मी त्याला हाकललं. काय काय बोलले ते तुमच्या दादांना विचारा, पाहुण्यांसमोर त्यांची मान खाली गेली. पण खरी चीड त्याच्यावर नव्हती, तुमच्यावर होती. अहो, सुई टोचली नाही, तार लावली नाही, हात लावला नाही, म्हणून तुम्ही मिरवलंत. आणि केलंत काय? त्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांची भीती काढून घेतलीत! जंगलातल्या जीवाजवळ तेवढंच तर असतं. तारा लावल्या असत्या तर निदान काढता आल्या असत्या. हे आता कसं काढायचं? एवढे शिकलेले तुम्ही, एवढी भांडणारी मी, दोघांच्याही हे ध्यानात येऊ नये? आणि आल्यावर निस्तरायला कोण? वहिनी!

ठेवून घ्यावीत, तर जन्मभर जाळीत. सोडावीत, तर महिन्याभरात फलाटावर. रात्रभर मी तुमच्याशी भांडले, आणि पहिल्यांदाच तुम्ही उलट बोलला नाहीत. सकाळी मी तुमच्या दादांना म्हटलं, यांना माणसाची भीती शिकवावी लागेल. ते म्हणाले, "माझ्यानं होत नाई. तुह्यानं होते तं कर." आणि बांधीत धान कापायला निघून गेले.

मग मी केलं. धानावरची पाखरं हाकलायची गोफण घेतली, रॉकेलचा रिकामा डबा घेतला. शाळेतून आले की जाळीसमोर मांडी घालून बसायचं, अगदी तुमच्यासारखं, जांभईसुद्धा द्यायची. कोणी विश्वासानं खाली उतरलं, डोळे मिटले, की डबा बडवायचा, ओरडायचं, ढेकळं मारायची. त्या नाटकातल्या दरोडेखोराला लाज वाटावी असं ओरडले. गल्लीतल्या बाया जमल्या. एक म्हणाली, दीर गेल्यापासून मास्तरीणबाईच्या डोक्यात फरक पडला. म्हणू द्या. चणे टाकायचे ते आता अंधारात टाकायचे, हात दिसू नये म्हणून. तुम्ही मांडलेली सगळी घडी मी रोज थोडी थोडी विस्कटत होते, आणि रोज तुम्हाला शिव्या देत होते.

बाकीची लवकर शिकली. आत्याबाई शिकेना. डबा वाजला की दचकायची, वर जायची, आणि जरा शांत झालं की पुन्हा उतरून माझ्याकडे पाठ करून बसायची. तिला वाटत असावं, या बाईला काहीतरी झालं आहे, होईल बरी. शेवटी एक दिवस मी जाळीपाशी गेले, झोपलेल्या तिच्या पाठीवर काठीचं टोक हाणलं. जोरात हाणलं. ती किंचाळली, वळली, मला दात दाखवले आणि शेंड्यावर गेली. मग मी समोर असेपर्यंत कधी उतरली नाही. मी चुलीपाशी येऊन बसले आणि मोठ्यानं रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा अशी रडले नव्हते, घरात माणसं होती.

काल आम्ही त्यांना सोडलं. फळं ठेवून पिंजऱ्यात कोंडलं, बंडी जुंपली, कुरखेड्याच्या पलीकडे दाट जंगलात नेलं. सातही एकाच पिंजऱ्यात, आडवा बांबू बांधून. दार उघडल्याबरोबर ती झाडांत पसरली. मला आपलं वाटत होतं, एखादं तरी मागे वळून पाहील. कोणी पाहिलं नाही. धाकटं आईला चिकटून, आत्याबाई सगळ्यांच्या पुढे.

तुमचे दादा म्हणाले, "थांब. पाहू दे मले." ते जरा पुढे गेले, पालापाचोळ्यात मांडी घालून बसले, हात मांडीवर, नजर खाली. भाऊजी, मागून ते हुबेहूब तुमच्यासारखे दिसतात, हे मला एवढ्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. वर फांदीवरून आत्याबाईनं त्यांना पाहिलं. ती ओरडली, असली ओरडली की सगळी टोळी एका दमात उठली, आणि फांद्या हलत हलत पार डोंगराच्या अंगाला गेल्या.

दादा उठले. अंगाला लागलेला पाला झटकत म्हणाले, "झालं. आता कोणाच्या हाती लागत नाई."

तुम्ही स्वतः तिथे असतात, तरी ती तुमच्यापासून अशीच पळाली असती. ते पाहायला तुम्ही नव्हता, तुमच्या जाण्यात एवढं एकच बरं झालं.